आजीची पाहणी

आमच्या ऊसतोडीच्या टोळीत कोप्यांची जागा ठरवायचं काम आजीकडं होतं. बैलगाड्या तळावर पोचल्या की माणसं बांबू-चटया उतरवायच्या घाईला लागत. आजी मात्र चप्पल काढून सगळं रान फिरून येई. पाटाचं पाणी कुठं झिरपतंय, काळी माती तळव्याला किती चिकटतेय, बांधाला बिळं किती, मळीचा वास कुठल्या अंगानं येतोय, एवढं बघायची आणि म्हणायची, "हितं रोवा." सहा महिन्यांच्या संसाराची तेवढीच काय ती तपासणी.

आज्जाच्या तोंडी ऊसतोडीची ही सगळी हकिगत बहात्तरच्या दुष्काळापासून सुरू होते. खरं तर तिची मुळं त्याआधीची. १९५० साली प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं, आणि पुढं पाटपाण्याच्या मुलखात एकेक चिमणी उभी राहत गेली. तोडायला माणसं मात्र बालाघाटाच्या कोरड्या पट्ट्यातून, पाटोदा, आष्टी, शिरूर, पाथर्डीकडून आली. आज्जाचं म्हणणं, "बहात्तरला खडी फोडली, सुकडी खाल्ली, तवा कळलं का गाव सोडूनबी जगता येतं." मग मुकादमाची उचल घ्यायची, दसरा झाला की निघायचं आणि पाडव्याच्या मागंपुढं परतायचं, हे अंगवळणीच पडलं.

कोपी उभी करायला एक दुपार पुरे. बांबू वाकवून दोन्ही टोकं जमिनीत रोवायची, वरून चटई ताणायची, तिच्यावर पाचट. दार इतकं ठेंगणं की आत जाताना गुडघे टेकावे लागत. चूल बाहेर. न्हाणी म्हणजे चार काठ्यांना गुंडाळलेलं जुनं लुगडं, आणि तेही फडावर निघायच्या आधी, पहाटे तीनच्या अंधारात उरकायचं. आजी हे सगळं हसत सांगे. एक गोष्ट सांगताना मात्र हसत नसे. चुलता पोटातून बाहेर आला त्याच रात्री अवकाळी कोसळला. कारखान्याची माणसं बॅटऱ्या घेऊन धावत आली आणि बैलं गोदामाच्या पत्र्याखाली नेऊन बांधली. बाळंतीण कोपीतच. "बैल बसला तर गाडी बसती, गाडी बसली तर मोळी थांबती," आज्जा समजावून सांगायचा. मोळी थांबली म्हणजे गाळप थांबलं. त्याला ह्यात अन्याय दिसायचा नाही, हिशेब दिसायचा. मला अजून तो हिशेबच जास्त लागतो.

कारण तो चुकीचा नव्हता. कारखान्यावर उसाची पक्वता तपासतात, वजनकाटा तपासतात, जनावरांचा डॉक्टर येऊन बैलांना लस टोचून जातो. आज सरकारची ऊसतोड अपघात योजना आहे. चांगली आहे, मृत्यूला पाच लाख देते. तिच्यातच बैलजोडी दगावली तर मोठ्या जोडीला एक लाख, आणि कोपी जळाली तर दहा हजार.

स्थलांतरित कामगारांना राहायला नीट जागा दिलीच पाहिजे, असं सांगणारा कायदा १९७९ सालीच झाला. निरीक्षकांची तरतूदही त्यात होती. पण तो होता आंतरराज्य. पाटोद्याची टोळी बेळगावकडं गेली तर त्या कायद्यात बसायची, सांगली-कोल्हापूरला गेली तर नाही. फडातल्या कोयत्याला ही हद्द कशी कळावी?

सोयी आल्या, पण त्या बहुतेक कोपीला वळसा घालून. नव्वदच्या दशकात तळावर मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. पुढं मुलांना गावीच ठेवणारी हंगामी वसतिगृहं आली, आणि अलीकडं गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ. पाहणीचंही तसंच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी २०१९ साली झाली तेव्हा ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्याच्या कारणांची चर्चा पुष्कळ झाली. खाड्याचा दंड आणि डॉक्टरांचा धंदा सगळ्यांना दिसला. पाळीच्या दिवसांत आडोसा नि पाणी नसणं, म्हणजे आजीची ती चार काठ्यांची न्हाणी, चर्चेत फार मागं राहिली. २०२० च्या टाळेबंदीत ३८ कारखान्यांच्या तळांवर अडकलेले सव्वा लाखाहून अधिक लोक मोजले गेले, तपासून गावी पाठवले गेले. मनात आणलं तर सरकार तळापर्यंत पोचतं, एवढं त्या एप्रिलमध्ये दिसलं.

आता चुलतभावाला घरकुल मंजूर झालंय. त्याची तपासणी मात्र चोख. पाया भरला की फोटो, भिंती वर आल्या की फोटो, स्लॅब पडला की फोटो, आणि फोटोत लाभार्थी उभा पाहिजे. त्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. शेवटच्या फोटोसाठी कर्मचारी आले ते भर हंगामात, डिसेंबरात. भाऊ मुकादमाला खाडा भरून एका दिवसासाठी गावी आला, नव्या दारात उभा राहिला, फोटो झाला, दाराला कुलूप घातलं आणि रात्रीच्या एस्टीनं कोपीवर परतला. वहिनी फोनवर म्हणाली, "फरशी लई गुळगुळीत हाय म्हन्त्यात. मी पाडव्यालाच बघंन."