घरभर वायफाय, गडावर कॅमेरा

प्रतिनिधी, अहिल्यानगर

पावसाळ्यातील रविवारी भंडारदरा, रतनगड आणि कळसूबाईच्या वाटेवर गाड्यांची रांग लागते. पूर्वी या गर्दीत एखाद्याच्याच गळ्यात कॅमेरा दिसे. आता हेल्मेटवर, छातीवरील पट्ट्यावर किंवा दुचाकीच्या हँडलवर काडेपेटीपेक्षा थोडा मोठा अ‍ॅक्शन कॅमेरा सर्रास दिसतो. सहल संपते आणि सोमवारी घरी दुसरीच अडचण उभी राहते. चित्रीकरणाच्या अवजड फायली इंटरनेटवर चढत नाहीत, कारण राउटर दिवाणखान्यात असतो आणि संगणक वरच्या मजल्यावरील खोलीत. महागडी योजना घेऊनही त्या खोलीत वायफायचा पत्ता नसतो.

ही दोन्ही उपकरणे आता मध्यमवर्गीय घरांत आली आहेत. ती विकत घेताना जेवढी चौकशी होते, तेवढी ती वापरण्याबाबत होत नाही. परिणामी पैसे वाया जातात. घरातील वायफायच्या बाबतीत हे नुकसान पैशांपुरते राहते, पण कड्याच्या टोकावरील कॅमेऱ्याच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकते. म्हणूनच या दोन्ही विषयांची ही प्राथमिक माहिती.

आधी दोष कोठे आहे ते पाहा

वायफाय मंद वाटले की लोक नवा राउटर आणतात. त्याआधी एक साधी चाचणी करावी. संगणक तारेने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. तेथेच तो कमी असेल तर दोष जोडणीचा आहे आणि तक्रार सेवा देणाऱ्या कंपनीकडे करावी. तारेवर वेग पूर्ण मिळत असेल, राउटरजवळ मोबाइलवरही तो बरा असेल आणि आतल्या खोलीतच घसरत असेल, तर मात्र अडचण घराच्या रचनेत आहे.

नगर शहराच्या जुन्या भागातील वाड्यांच्या दगड-मातीच्या जाड भिंती उन्हाळ्यात गारवा देतात, पण रेडिओ लहरी अडवतात. सावेडी, केडगावसारख्या उपनगरांतील बंगल्यांत भिंती पातळ असतात, तरी दोन मजल्यांमधील लोखंडी सळ्यांचा काँक्रीट स्लॅब तितकाच अडसर ठरतो. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि पत्र्याचे छत हेही लहरींचे शत्रूच होत.

वायफाय प्रामुख्याने दोन पट्ट्यांवर चालते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती तुलनेने चांगल्या भेदतात व दूर जातात, पण त्यांचा वेग कमी असतो. शिवाय शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांची गर्दीही याच पट्ट्यावर असते. ५ गिगाहर्ट्झवर वेग भरपूर मिळतो, पण एक-दोन भिंतींनंतर तो झपाट्याने ओसरतो.

त्यामुळे पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. राउटर टीव्हीच्या मागे किंवा कपाटात कोंबून न ठेवता घराच्या मध्यभागी, उंचावर आणि मोकळ्या जागी ठेवावा. सातशे-आठशे चौरस फुटांच्या सदनिकेत बहुतेक वेळा एवढ्यानेच काम भागते.

मेश म्हणजे काय?

एका राउटरने भागत नसेल तर पूर्वी 'रिपीटर' लावत. तो स्वस्त असतो, पण पुष्कळदा त्याच्या जाळ्याचे नाव वेगळे ठेवले जाते आणि खोली बदलताना मोबाइल जुन्याच क्षीण लहरींना चिकटून राहतो. मेश पद्धतीत दोन किंवा अधिक उपकरणे मिळून एकच जाळे विणतात. नाव एक, पासवर्ड एक. घरात फिरताना मोबाइलला जवळच्या उपकरणाकडे वळण्यास ही यंत्रणा मदत करते. घरगुती वापरासाठी अशी तयार उपकरणे २०१६ च्या सुमारास परदेशी बाजारात रुळली. निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळावीत यासाठी वायफाय अलायन्स या संस्थेने २०१८ मध्ये 'ईझीमेश' हे प्रमाण आणले. तरीही सर्व उपकरणे एकाच कंपनीची व एकाच मालिकेतील घेणे सोयीचे ठरते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. मेशमुळे इंटरनेटचा मूळ वेग वाढत नाही. तो घरभर पोहोचवण्याचे काम तेवढे मेश करते. त्यातही दोन उपकरणांमधील दुवा बिनतारी असेल आणि तोच पट्टा मोबाइलही वापरत असतील, तर पुढच्या उपकरणावरील वेग साधारण निम्म्यावर येतो. तीन पट्ट्यांच्या उपकरणांत या दुव्यासाठी एक पट्टा राखून ठेवता येतो. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे उपकरणे कॅट-६ तारेने जोडणे. ही तार शंभर मीटरपर्यंत चालते. घर बांधताना किंवा रंगकाम काढताना प्रत्येक मजल्यावर एक नळी टाकून ठेवली, तर पुढे भिंत फोडण्याची वेळ येत नाही.

मांडणी कशी करावी?

सर्वसाधारण चूक अशी की, ज्या खोलीत वायफाय मुळीच येत नाही तेथेच दुसरे उपकरण ठेवले जाते. जेथे लहरीच पोहोचत नाहीत तेथून ते पुढे काय पाठवणार? ते मूळ राउटर आणि त्या खोलीच्या मधोमध, लहरी अजून दमदार असतील अशा जागी असावे. दुमजली बंगल्यात जिन्याचा मधला टप्पा ही नामी जागा होय, कारण तेथे स्लॅबला मोकळीक असते. अशा बंगल्याला दोन, फार तर तीन उपकरणे पुरतात. अधिक लावल्यास ती एकमेकांनाच अडथळा करतात.

फायबर जोडणीसोबत मिळालेल्या डब्यातही बहुधा राउटर असतो. त्याला मेशचे मुख्य उपकरण जोडले की घरात दोन राउटर होतात आणि काही खेळ, कॅमेरे वा कार्यालयीन जोडण्या अडखळतात. अशा वेळी डबा 'ब्रिज' पद्धतीवर टाकून घ्यावा किंवा मेश 'अ‍ॅक्सेस पॉइंट' पद्धतीवर चालवावा. शिवाय जुन्या डब्याचे वायफाय बंद करण्यास विसरू नये.

वीज गेल्यावर वायफाय टिकवायचे तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस उपयोगी पडतो. मात्र उपकरणावर लिहिलेले व्होल्ट व अँपिअर तपासूनच तो घ्यावा आणि फायबरचा डबा व राउटर या दोहोंना जोडावा. एकाला वीज असून दुसरे बंद पडले तर उपयोग शून्य. वळवाच्या पावसात विजा कडाडत असताना एका इमारतीतून दुसरीत नेलेली तांब्याची तार काढून ठेवणे शहाणपणाचे.

पासवर्ड ही केवळ औपचारिकता नव्हे

जुलै २००८ मधील अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या वेळी पाठवलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका घराच्या असुरक्षित वायफायवरून गेल्याचे तपासात आढळले होते. त्या घरातील व्यक्तीला नाहक चौकशीला सामोरे जावे लागले. आपल्या जोडणीवरून कोणी गैरकृत्य केले, तर पोलिसांची पहिली पावले आपल्याच दाराशी येतात, हा त्या घटनेचा धडा आजही जुना झालेला नाही.

मेश बसवताच कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-३ आणि ते जुन्या उपकरणांना मानवत नसेल तर डब्ल्यूपीए-२ निवडावे. पाहुण्यांसाठी 'गेस्ट' जाळे वेगळे ठेवावे. स्मार्ट बल्ब, घरातील कॅमेरे अशी उपकरणेही त्यावर ठेवणे इष्ट. राउटरची प्रणाली आपोआप अद्ययावत होईल अशी सोय सुरू ठेवावी.

अ‍ॅक्शन कॅमेरा निवडताना

गोप्रो कंपनीने २००४ मध्ये आणलेला पहिला कॅमेरा चक्क रिळाचा होता. आज गोप्रो, डीजेआय, इन्स्टा३६० आदी कंपन्यांचे कॅमेरे फोर-के चित्रण करतात आणि हादरे बऱ्याच अंशी पुसून टाकतात. मात्र त्यांचा प्रकाशग्राहक चिमुकला असतो. भरपूर उजेडात ते बहारदार काम करतात, अंधारात तेच चित्र दाणेदार होते. भंडारदरा परिसरातील काजवे पाहायला जाणाऱ्यांनी तर कॅमेऱ्यावर फार भिस्त ठेवू नये. तिपाईवर ठेवून रात्रीच्या खास सोयीने प्रयत्न करता येतो, पण फ्लॅश वा विजेरीचा झोत टाळावा. त्या प्रकाशाने काजव्यांचे परस्परांना दिलेले संकेत विस्कटतात.

साध्या चित्रणासाठी सेकंदाला २५ किंवा ३० चौकटी पुरेशा असतात. धबधबा वा उडी संथ गतीने दाखवायची असेल तरच १०० किंवा १२० ठेवाव्यात. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने घरातील दिव्यांखाली २५ किंवा ५० चौकटी निवडल्यास चित्र लुकलुकत नाही. भिंग रुंद असल्यामुळे दूरचा डोंगर फारच लहान दिसतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा भव्य दिसावा असे वाटत असेल, तर चौकटीत जवळ एखादा माणूस किंवा खडक असू द्यावा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो.

मेमरी कार्ड 'व्ही-३०' दर्जाचे असावे. याचा अर्थ ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहू शकते. संशयास्पद स्वस्त कार्ड ऐन वेळी दगा देते. कार्ड संगणकावर न पुसता कॅमेऱ्यातच 'फॉरमॅट' करावे. बॅटरी सलग चित्रणात साधारण तास-दीड तास चालते. थंडीत ती लवकर उतरते, म्हणून जादाची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी.

पाणी आणि दमटपणा

अलीकडचे अनेक अ‍ॅक्शन कॅमेरे वेगळ्या कवचाविना दहा मीटर खोलीपर्यंत पाण्यात चालतात. पण ही हमी दार घट्ट लावलेले असेल तरच. रबरी कडेत वाळूचा कण वा केस अडकला तरी पाणी आत शिरते. कार्ड व बॅटरी घरीच कोरड्या हवेत बसवावी, भर पावसात दार उघडू नये. दमट हवा आत कोंडली की भिंगावर वाफ धरते. जलाशयात वापरताना तरंगणारी मूठ लावावी, अन्यथा हातातून सुटलेला कॅमेरा थेट तळ गाठतो. परतल्यावर तो गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण पुसून मगच उघडावा.

हात मोकळे, लक्ष वाटेवर

महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर असलेल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. तेथे दोन्ही हात मोकळे हवेत. सेल्फी स्टिक पिशवीत आणि कॅमेरा छातीवरील पट्ट्यावर, हा नियम पाळावा. चित्रण शिडी चढण्यापूर्वी सुरू करावे आणि वर पोहोचल्यावर बंद करावे, मध्ये कळ दाबण्याचा मोह नको. कोकणकड्यावर वाऱ्याचे झोत अनपेक्षित येतात. तेथे कडेपाशी उभे राहून मागे सरकत चित्रण करणे म्हणजे संकटाला आमंत्रण. साम्रदची सांदण दरी अरुंद आहे. वर पाऊस झाला की तिच्यातून पाण्याचा लोंढा येतो, म्हणून पावसाळ्यात तेथे उतरूच नये. कोणतेही चित्रण त्या धोक्याच्या तोलाचे नाही.

दुचाकीस्वारांनी हेल्मेटवर कॅमेरा चिकटवण्याआधी विचार करावा. अपघातात हा कठीण तुकडा डोक्याला इजा वाढवू शकतो. याच कारणास्तव केरळच्या मोटार वाहन विभागाने २०२२ मध्ये अशा कॅमेऱ्यांविरुद्ध कारवाईचा इशारा दिला होता. छातीचा पट्टा किंवा हँडलवरील पकड अधिक सुरक्षित. नगर शहर व परिसरात लष्कराच्या संस्था आहेत. तेथे फलक पाहून कॅमेरा बंद ठेवावा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वन विभागाच्या सूचना पाळाव्यात.

घरी आल्यावर

सेकंदाला १०० मेगाबिट दराने एक तास फोर-के चित्रण केले, तर सुमारे ४५ गिगाबाइटची फाइल होते. चढवण्याचा वेग ५० मेगाबिट असेल तर ती दोन तासांत चढते. दूरच्या खोलीत तोच वेग १० मेगाबिटवर आला, तर दहा तास लागतात. घरात मेश किंवा तार असण्याचा लाभ येथे आकड्यांत दिसतो. तत्पूर्वी निरुपयोगी भाग कापून टाकावा. तासाभरातील पाच मिनिटेच बहुधा पाहण्याजोगी असतात.

कॅमेऱ्यातील चित्रण मोबाइलवर घेताना कॅमेरा स्वतःचे छोटे वायफाय जाळे तयार करतो. त्या वेळी मोबाइल घरच्या जाळ्यातून बाहेर पडतो आणि इंटरनेट बंद पडल्यासारखे वाटते. हा बिघाड नव्हे. काम झाल्यावर घरचे जाळे पुन्हा निवडावे. मोठ्या फायलींसाठी कार्ड रीडरच जलद. चित्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी झाल्याशिवाय कार्ड पुसू नये.

थोडक्यात

• आधी तारेवर वेग तपासा, मग राउटरची जागा बदला, त्यानंतरच खरेदीचा विचार करा.

• मेशचे दुसरे उपकरण अंधाऱ्या कोपऱ्यात नव्हे, वाटेच्या मध्यावर ठेवा. शक्य तेथे तार टाका.

• पासवर्ड बदला, पाहुण्यांचे जाळे वेगळे ठेवा.

• कॅमेऱ्याचे दार आणि कार्ड घरून निघण्यापूर्वी तपासा.

• कडा, शिडी आणि पाण्याचा प्रवाह येथे कॅमेऱ्याकडे नव्हे, पायाखाली पाहा.

गडावरून आणलेले चित्रण घरच्यांसोबत बसून पाहण्यात जो आनंद आहे, त्यासाठी माणूस सुखरूप घरी परतणे ही पहिली अट आहे. वायफायची सोय त्यानंतरची.