खालचा कप्पा, वरचा कप्पा

गेल्या वर्षभरात आमच्या गोतावळ्यातल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "मावशी, विंडोज सोडून मॅक घ्यायचं म्हणतोय. साधा घेऊ की प्रो?" मी आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवला, संगणक नाही. पण घरात सगळ्यांत आधी ब्लॉग मी सुरू केला, त्यामुळे संगणकातलं मला कळतं असा एक समज पसरला आहे. तो मी मोडत नाही.

प्रश्नाला निमित्त झालं ते विंडोज १० चं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ ला जुने प्रोसेसर चालत नाहीत, म्हणून धडधाकट लॅपटॉपही निकालात निघाले. नवा घ्यायचाच आहे तर घराणंच बदलू, असं मग पुष्कळांना वाटतं. दुकानात गेलं की एकाच कंपनीचे दोन कप्पे दिसतात. खालचा स्वस्त, वरचा महाग. विक्रेता वरच्याकडे बोट दाखवतो आणि आपला हात खालच्याकडे जातो. "अंथरूण पाहून पाय पसरावे" हे आपल्याला पाळण्यातच शिकवलेलं असतं.

इतिहासाच्या मास्तरीणबाईंना प्रश्न विचारला की त्या सनावळीपासून सुरू करतात. तशी मीही करते.

ॲपलचा पहिला उचलता येणारा मॅक १९८९ चा. नाव 'मॅकिंटॉश पोर्टेबल', वजन सात किलोच्या वर, आत मोटारीत असते त्या जातीची शिशाची बॅटरी आणि किंमत साडेसहा हजार डॉलरच्या घरात. तो कुणाच्या मांडीवर बसला असेल असं वाटत नाही. खरी सुरुवात ऑक्टोबर १९९१ मध्ये 'पॉवरबुक'ने झाली. एकदम तीन यंत्रं आली: १००, १४० आणि १७०. सगळ्यांत लहान १०० ची किंमत सुमारे अडीच हजार डॉलर, सगळ्यांत वरच्या १७० ची साडेचार हजारांच्या पुढे. गंमत म्हणजे ते लहान १०० म्हणजे आदल्या अवजड पोर्टेबलचंच काळीज होतं. सोनी कंपनीकडून ते आक्रसून घेऊन सव्वादोन किलोच्या पेटीत बसवलं होतं. १७० मध्ये नवा, वेगवान प्रोसेसर आणि उत्तम पडदा होता. तिन्ही यंत्रांत कळफलक मागे सरकवून पुढे मनगट टेकायला जागा ठेवलेली होती. आज सगळ्याच लॅपटॉपना ती असते, त्यामुळे कुणाला तिचं काही वाटत नाही. तेव्हा ती नवलाई होती, आणि ती स्वस्त-महाग दोघांनाही सारखीच मिळाली. हे लक्षात ठेवा.

पुढची जोडी १९९५ ची. पॉवरबुक १९० आणि ५३०० ही दोन भावंडं दिसायला जवळजवळ जुळी. ५३०० मध्ये नवी 'पॉवरपीसी' चिप होती, १९० मध्ये जुन्या घराण्याची. ५३०० चं वरचं रूप सहा हजार डॉलरच्या पुढे जात होतं. विक्रीच्या सुरुवातीलाच त्याच्या एक-दोन बॅटऱ्यांनी पेट घेतला, त्यामुळे त्याची अब्रूही गेली. तीन वर्षांनी, १९९८ च्या ऑक्टोबरात, मॅकची ८.५ ही प्रणाली आली आणि तिने जुन्या चिपच्या सगळ्या यंत्रांना दार बंद केलं. म्हणजे बदनाम ५३०० पुढे चालत राहिलं आणि गरीब बिचारं १९० दाराबाहेर राहिलं. इथे वरच्या कप्प्याची सरशी झाली असं वाटेल. पण मला तसं वाटत नाही. एक भाऊ वळणाच्या पुढे होता आणि दुसरा वळणाच्या अलीकडे, एवढाच तो हिशेब. तो पुढे पुन्हा येणार आहे.

स्टीव्ह जॉब्स परत आल्यावर त्यांनी कंपनीच्या मालाचं एक चौकटीचं चित्र काढलं. दोन आडवे रकाने, दोन उभे. घरचा ग्राहक आणि व्यावसायिक, मेजावरचा संगणक आणि उचलायचा. फळ्यावर अशा चौकटी काढण्यात माझी सदतीस वर्षं गेली, त्यामुळे या माणसाबद्दल मला आपुलकी आहे. चौथं घर रिकामं होतं, घरच्या ग्राहकाचा लॅपटॉप. ते भरलं २१ जुलै १९९९ रोजी 'आयबुक'ने. किंमत १,५९९ डॉलर, रंग निळा किंवा नारिंगी, शिंपल्यासारखा आकार आणि वर चक्क उचलायला मूठ. मुलांच्या डब्यासारखा दिसे, असं चेष्टेखोर म्हणत. पण बिनतारी इंटरनेटची सोय लोकांपुढे आली ती याच डब्यातून. तारेची दोरी नाही हे दाखवायला जॉब्सनी तो सुरू असतानाच एका रिंगणातून आरपार काढून दाखवला होता. नवलाई आधी वरच्या कप्प्यात येते आणि मग झिरपत खाली उतरते, हा आपला समज इथे मोडला.

या स्वस्त यंत्राने शाळाही पाहिल्या. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या हेन्रायको परगण्याने २००१ साली विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी तेवीस हजार आयबुक घ्यायचं ठरवलं. मेन राज्याने २००२ पासून सातवीच्या प्रत्येक मुलामुलीच्या हाती एकेक दिला. सातवीतली मुलं आणि हातात लॅपटॉप! माझ्या वर्गात कंपासपेटी महिनाभर टिकत नसे. पण ती यंत्रं चार वर्षं टिकली, आणि नंतर काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. ऑगस्ट २००५ मध्ये हेन्रायकोने जुने झालेले हजार आयबुक पन्नास डॉलरला एक या भावाने विकायला काढले. हजारोंची झुंबड उडाली, चेंगराचेंगरी झाली, माणसं जखमी झाली. खालच्या कप्प्यातल्या, चार वर्षं शाळकरी पोरांनी हाताळलेल्या यंत्रांसाठी!

कंपनीला हे कळत होतं. म्हणून दोन कप्प्यांमधलं अंतर राखायला ती काही ठिकाणी मुद्दाम कुंपण घाली. आयबुकला बाहेरचा पडदा जोडला तर त्यावर तेच चित्र उमटे. दोन पडद्यांवर दोन वेगळी कामं पसरता येत नसत. ती सोय पॉवरबुकची. पण आतल्या चित्र-चिपची ऐपत होती. हुशार पोरांनी एक छोटी आज्ञावली लिहून ते कुलूप काढलं आणि पुष्कळ आयबुकांना दुसरा पडदा मिळाला. महाग कप्प्यात असलेली एखादी गोष्ट स्वस्तात *नसते* की *बंद ठेवलेली असते*, हा प्रश्न तेव्हापासून मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता २००६. माझ्या मते कप्प्यांच्या या इतिहासातलं हे सर्वांत भरगच्च वर्ष.

२००२ सालीच ॲपलने विंडोज सोडून आलेल्या साध्या माणसांच्या जाहिराती केल्या होत्या. पण लोक कचरत. नवं यंत्र घेतलं आणि ऑफिसची जुनी आज्ञावली त्यावर चालली नाही तर? जानेवारी २००६ मध्ये मॅकच्या लॅपटॉपात इंटेलची चिप आली. पहिला 'मॅकबुक प्रो' १,९९९ डॉलरपासून सुरू होई. ५ एप्रिलला 'बूट कॅम्प' आलं आणि मॅकवर विंडोजही बसवता येऊ लागलं. म्हणजे सासरी जायचं, पण माहेरची खोली राखून! मग १६ मे रोजी आयबुकचा वारस आला, नुसता 'मॅकबुक'. किंमत १,०९९ डॉलरपासून.

आणि त्या वेळी जगभरच्या नव्या मंडळींपुढे नेमका आमच्या भाच्याचा प्रश्न उभा राहिला. दोघांत प्रोसेसर एकाच जातीचा, वेगही आसपासचा. मग नऊशे डॉलर कशाचे? पडदा मोठा आणि अंगावर ॲल्युमिनियम, हे दिसणारं. न दिसणारं म्हणजे चित्रांसाठीची वेगळी चिप. ती प्रोमध्ये होती. मॅकबुक आपल्या मुख्य स्मृतीतलाच थोडा भाग चित्रांसाठी वापरे. त्रिमितीय खेळ खेळणाऱ्याला किंवा चलचित्रांवर काम करणाऱ्याला हा फरक जाणवे. पत्रं, हिशेब, फोटो आणि ब्लॉग एवढंच ज्याचं जग, त्याला तो शोधूनही सापडला नसता. शिवाय काळ्या रंगाचा मॅकबुक १,४९९ डॉलरला होता. हार्ड डिस्कमधल्या फरकाचे पैसे वजा केले तर निव्वळ काळ्या रंगाचे दीडशे डॉलर पडत. पांढरं यंत्र मळतं म्हणून असेल! (मळायचंही. मनगटाच्या जागी पिवळट डाग पडत असल्याच्या तक्रारी खूप झाल्या होत्या.)

पण मला सर्वांत आवडलेली गोष्ट पोटात आहे. पांढऱ्या मॅकबुकच्या पाठीला नाणं लावून फिरवलं की बॅटरी निघे. आत तीन बारीक स्क्रू, एक पट्टी, आणि समोर रॅम आणि हार्ड डिस्क. दोन्ही घरबसल्या बदलता येत. महागड्या प्रोमध्ये रॅम सोपी होती, पण हार्ड डिस्क बदलायची तर वरचं झाकण उकलावं लागे. म्हणजे वाढीला जास्त वाव खालच्या कप्प्यात! आधी दोन खोल्या बांधायच्या, पोरगं कमावतं झालं की वर माडी चढवायची, ही आपली रीत त्या यंत्राला लागू होती. "साधा घ्या, पुढे रॅम टाका" हा तेव्हाचा सल्ला अगदी बरोबर होता.

आणि आयुष्य? ऑक्टोबर २००५ मध्ये दोन हजार डॉलर देऊन ज्याने जुन्या चिपचा पॉवरबुक घेतला, त्याला २००९ ची 'स्नो लेपर्ड' प्रणाली मिळालीच नाही. सातच महिन्यांनी ज्याने अकराशेचा मॅकबुक घेतला, त्याला ती मिळाली. पुढे २०११ च्या 'लायन'ने २००६ च्या त्या पहिल्या इंटेल चिपांना नाकारलं, तेव्हा पांढरा मॅकबुक आणि त्याच पिढीचा प्रो दोघेही एकाच दिवशी बाहेर पडले. नऊशे डॉलर जास्त मोजून आयुष्य एका दिवसाने वाढलं नाही.

त्यानंतर नाण्याची खाच गेली. २००८ च्या 'एअर'मध्ये रॅम मुख्य पाटीवर डाख देऊन पक्की बसवलेली होती. २०१२ च्या नव्या प्रोमध्येही तेच झालं, आणि पुढे सगळ्याच मॅक लॅपटॉपांत. यंत्रं पातळ झाली, देखणी झाली आणि माडी चढवायची सोय संपली. माझ्या पिढीची शहाणीव इथे निकामी ठरते. आज मुलांना "आधी साधा घे, मग वाढव" असं सांगणारे काका-मामा २००६ मध्ये राहतात असं समजावं.

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने पुन्हा चिप बदलली. स्वतःची 'एम१' आणली आणि ती एअरमध्ये आणि छोट्या प्रोमध्ये एकाच वेळी घातली. आपल्याकडे एअर ९२,९०० रुपयांपासून आणि प्रो १,२२,९०० पासून. तीस हजारांत काय मिळत होतं? एक पंखा, थोडा उजळ पडदा, थोडी मोठी बॅटरी आणि कळफलकावर एक स्पर्शपट्टी. (ती पट्टी पुढे कंपनीनेच काढून टाकली.) पंख्यामुळे तासन्‌तास जड काम करताना प्रो दमत नसे. मराठीत ब्लॉग लिहिताना पंखा लागल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

वळणाचा हिशेबही पुन्हा तसाच झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये २,३९९ डॉलरपासून सुरू होणारा सोळा इंची इंटेल प्रो आला होता. २०२५ ची 'टाहो' ही इंटेलच्या मॅकना मिळणारी शेवटची प्रणाली, असं कंपनीने जाहीर केलं. एका वर्षाने आलेला ९९९ डॉलरचा एअर मात्र वळणाच्या पुढच्या अंगाला उभा आहे.

तेव्हा भाच्याला मी साधाच घे म्हटलं. पण रॅम आणि साठवण पहिल्याच दिवशी हवी तेवढी घे, कारण दुसरा दिवस नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने एअरची मूळ रॅम आठवरून सोळा जीबी केली आणि अमेरिकेतली किंमत तीच ठेवली, हे बरं झालं. भाचीला मात्र प्रो घ्यायला सांगितलं. ती लग्नाची चित्रफीत जोडून पोट भरते, आणि दिवसभर चालणारा पंखा तिच्यासाठी चैन नाही. "आईबाबांना कशाला महाग, त्यांना काय करायचंय" म्हणून वडीलधाऱ्यांसाठी कमीत कमी रॅमचं यंत्र शोधणाऱ्या तिसऱ्याशी माझं अजून भांडण चालू आहे. म्हातारी माणसं यंत्र दहा वर्षं वापरतात. तुमच्यासारखं तीन वर्षांनी बदलत नाहीत.

माझं स्वतःचं वेगळंच अडलं आहे. एकोणीसशे नव्वदच्या दशकात मी आमच्या गावच्या जुन्या वाड्यांची, विहिरींची, देवस्थानांच्या इनामांची टिपणं टंकून ठेवली. चारशेच्या वर पानं. सांगणारी माणसं आता राहिली नाहीत. ती पानं युनिकोडच्या आधीच्या एका फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो, मग ते यंत्र लाखाचं असो की पन्नास हजारांचं. नवा मजकूर लिहायची चिंता नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे आहे, आणि ब्लॉग युनिकोडमध्येच आहे. जुना विंडोज लॅपटॉप चालतो आहे तोवर त्यातली पानं युनिकोडमध्ये बदलून घ्यायची आणि मूळ छापील प्रतीशी ताडून पाहायची, असं चाललं आहे. रूपांतरात रफार हटकून चुकतो, आणि 'ऱ्या'चं तर विचारूच नका. रोज चार पानं होतात. परवा पाटलांच्या विहिरीपर्यंत आले.