टर्बोचार्जित इंजिनाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हा अंतर्ज्वलन इंजिनाच्या सिलिंडरांतून बाहेर पडणारे तप्त वायू एकत्र करून पुढे नेणारा भाग होय. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात तो टर्बाइनला वायू पुरवतो आणि बहुधा टर्बोचार्जरचे वजनही पेलतो. त्यामुळे त्याची रचना केवळ प्रवाहाच्या सोयीने ठरवता येत नाही.

स्पंदांचे विलगीकरण

टर्बोचार्जरचे पहिले पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. मोठ्या आकारमानाच्या मॅनिफोल्डमध्ये वायूचे स्पंद विरून दाब जवळजवळ स्थिर राहतो. ही पद्धत एकसारख्या भारावर चालणाऱ्या मोठ्या सागरी डीझेल इंजिनांना मानवते. वाहनांत मात्र टर्बाइनने चटकन वेग घेणे महत्त्वाचे असल्याने आखूड व अरुंद मार्ग ठेवून स्पंदांची ऊर्जा टिकवली जाते.

१-३-४-२ या प्रज्वलनक्रमाच्या चार सिलिंडरी इंजिनात दर १८०° ला एक स्पंद येतो. पण प्रत्येक एक्झॉस्ट झडप त्याहून अधिक काळ उघडी असते. परिणामी एका सिलिंडरचा जोरदार स्पंद आधीच्या, रिकाम्या होत आलेल्या सिलिंडरात उलटा शिरू शकतो. तेथे उरलेला तप्त वायू पेट्रोल इंजिनात नॉकिंगला निमंत्रण देतो. यावर उपाय म्हणून १ व ४ आणि २ व ३ या जोड्यांचे मार्ग वेगळे ठेवून ते दुहेरी प्रवेश असलेल्या टर्बाइनला (ट्विन स्क्रोल) जोडतात. हे मार्ग वेस्टगेटपाशी एकत्र झाल्यास विभाजनाचा हेतूच फसतो. तीन सिलिंडरी इंजिनात स्पंद २४०° अंतराने येत असल्याने हा खटाटोप सहसा लागत नाही.

रचना व धातू

एकाच आडव्या नळीत सर्व द्वारे उघडणारे बिडाचे ‘लॉग’ मॅनिफोल्ड आखूड, स्वस्त आणि दणकट असते. समान लांबीच्या नळ्यांचे वेल्ड केलेले मॅनिफोल्ड उच्च वेगात अधिक शक्ती देते, परंतु जागा व्यापते आणि तडकण्याचा धोका वाढवते. स्टेनलेस पोलादाची ४०० मिमी लांबीची नळी ६००° से. ने तापल्यास सुमारे ४ मिमी वाढते. दोन्ही टोके जखडलेली असल्यास हा ताण वेल्डवर येतो. म्हणून टर्बोचार्जरला स्वतंत्र आधार देणे व प्रसरणाला वाव ठेवणे आवश्यक ठरते. रोजच्या वापराच्या वाहनासाठी ओतीव मॅनिफोल्डच बहुधा शहाणपणाचे असते.

फोर्डच्या १.० लिटर इकोबूस्टसारख्या इंजिनांत मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेले असून त्याभोवती शीतक खेळते.