पुढच्या वर्षी बघू : ब्रुकलिनच्या चाहत्यांची गोष्ट

ब्रुकलिन हे १८९८ पर्यंत स्वतंत्र शहर होतं. त्या वर्षी ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झालं. स्वतःचा महापौर गेला, स्वतःचं नाव राहिलं ते फक्त पत्त्यावर. जे काही आपलं म्हणून उरलं त्यात एक बेसबॉलचा संघ होता, डॉजर्स. ब्रुकलिनमध्ये ट्रामगाड्यांचं इतकं जाळं होतं की रस्ता ओलांडायचा म्हणजे त्यांना चुकवत जायचं, म्हणून तिथल्या लोकांना ‘ट्रॉली डॉजर्स’ म्हणत. तेच नाव संघाला चिकटलं.

बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा लांबचा चुलतभाऊ, एवढं समजलं तरी पुढचं कळायला अडचण येणार नाही. त्या काळात एप्रिल ते सप्टेंबर प्रत्येक संघ १५४ सामने खेळे. दोन लीगचे दोन विजेते ऑक्टोबरात ‘वर्ल्ड सिरीज’ खेळत. सातपैकी चार जिंकेल तो अजिंक्य. डॉजर्स १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ अशा पाच वेळा इथपर्यंत पोहोचले आणि पाचही वेळा हरले. तेही एकाच संघाकडून, शेजारच्या ब्रॉन्क्समधल्या श्रीमंत यांकीजकडून. दर ऑक्टोबरात ब्रुकलिनच्या तोंडी एकच वाक्य असे : थांबा, पुढच्या वर्षी बघू.

या संघावर जीव लावणाऱ्या एका मुलीमुळे मला या इतिहासात रस वाटू लागला. डोरिस कर्न्स गुडविन. आज अमेरिकेतल्या नामवंत इतिहासकारांत तिची गणना होते. रूझवेल्ट दांपत्यावरच्या ग्रंथासाठी तिला १९९५ मध्ये पुलित्झर मिळालं. लहानपणी ती न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला राहायची. वडील बँकांच्या तपासणीचं काम करायचे. ती सहा वर्षांची असताना त्यांनी तिला एक वही आणून दिली आणि सामन्याची नोंद कशी करायची ते शिकवलं. प्रत्येक खेळाडूची एक ओळ, प्रत्येक डावाचा एक चौकोन, प्रत्येक घटनेची एक खूण. ६-३ लिहिलं की समजायचं, शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसला फेकला आणि गडी बाद झाला. दुपारी रेडिओवर सामना ऐकत ती वही भरायची आणि संध्याकाळी वडील घरी आले की वहीत बघून सगळा सामना त्यांना सांगायची. हे सगळं दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापून येतं, हे वडिलांनी तिला सांगितलंच नाही. आपण सांगितलं नाही तर अब्बांना काहीच कळणार नाही, अशीच तिची समजूत होती. सुरुवातीला ती निकाल आधीच सांगून मोकळी व्हायची. मग हळूहळू तिला कळलं की शेवट राखून ठेवावा लागतो. इतिहास सांगायला आपण तिथे शिकलो, असं तिनं १९९७ च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहिलंय. त्या पुस्तकाचं नावही ब्रुकलिनचं तेच वाक्य आहे. (बी.एड.ला आम्हाला ‘कथन कौशल्य’ शिकवलं होतं. ही वही त्यापेक्षा बरी.)

चर्चमध्ये पहिल्यांदा पापाची कबुली द्यायची वेळ आली तेव्हा या पोरीनं सांगितलं की विरोधी संघांच्या खेळाडूंना इजा व्हावी असं तिला वाटतं. ऐकणारा पाद्रीही डॉजर्सचाच चाहता निघाला.

या वेडाला वजन होतं. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि मोठ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूंवर असलेली साठेक वर्षांची अलिखित बंदी मोडली. ज्यू, इटालियन, आयरिश, काळे अशा सगळ्या वस्त्यांच्या ब्रुकलिनमध्ये हा एकच संघ सगळ्यांचा होता. आपला संघ हरला याचं दुःख सगळ्यांना एकदमच व्हायचं, आणि एकत्र दुःख करणारी माणसं एकमेकांना थोडी अधिक ओळखतात, असं मला वाटतं.

१९५१ चं दुःख तर वेगळंच. ऑगस्टमध्ये डॉजर्स साडेतेरा सामन्यांनी पुढे होते. शहरातल्याच जायंट्सनी शेवटच्या ४४ पैकी ३७ सामने जिंकून त्यांना गाठलं. बरोबरी झाली म्हणून तीन सामन्यांचा प्लेऑफ. ३ ऑक्टोबरला तिसऱ्या सामन्याच्या शेवटच्या डावात डॉजर्स ४-१ असे पुढे होते, आणि बॉबी थॉमसनच्या एका फटक्यानं ते ५-४ असे हरले. पन्नास वर्षांनी, २००१ मध्ये, उघड झालं की जायंट्स त्या मोसमात मैदानाच्या टोकाच्या खोलीतून दुर्बिणीनं विरोधकांचे इशारे चोरत होते.

अखेर ४ ऑक्टोबर १९५५ रोजी तेवीस वर्षांच्या जॉनी पॉड्रेसनं यांकीजना एकही धाव काढू दिली नाही आणि डॉजर्स सातवा सामना २-० नं जिंकले. पण ब्रुकलिनचं स्वतःचं वर्तमानपत्र ‘ब्रुकलिन ईगल’ त्याच वर्षाच्या सुरुवातीला बंद पडलं होतं. एवढी मोठी बातमी, आणि ती छापायला घरचा कागद नाही.

मोसम संपला की चाहते हिवाळाभर शेगडीभोवती बसून कोण येणार, कोण जाणार याच्या गप्पा मारत. याला ‘हॉट स्टोव्ह लीग’ म्हणतात. १९५६ च्या हिवाळ्यात बातमी आली ती अशी की रॉबिन्सनला जायंट्सना विकलं. तो तिकडे गेला नाही, त्यानं निवृत्ती घेतली. पुढच्या हिवाळ्याची बातमी त्याहून मोठी होती. ८ ऑक्टोबर १९५७ रोजी जाहीर झालं की संघच लॉस एंजेलिसला जाणार.

मालक वॉल्टर ओमॅली याला ब्रुकलिन अजून शिव्या देतं. एबेट्स फील्ड जुनं झालं होतं, गाड्या उभ्या करायला जागा नव्हती, गोरे मध्यमवर्गीय चाहते उपनगरांत गेले होते. ओमॅलीला अटलांटिक आणि फ्लॅटबुश रस्त्यांच्या कोपऱ्यावर स्वतःच्या पैशानं स्टेडियम बांधायचं होतं, पण ती जमीन शहरानं संपादित करून द्यावी अशी त्याची मागणी होती. शहराच्या बांधकामांवर हुकमत असलेल्या रॉबर्ट मोझेसनं नकार दिला आणि क्वीन्समधली जागा दाखवली. दोष कोणाचा यावर इतिहासकार अजून भांडतात. मला दोघेही सारखेच दिसतात : एकाला संघ ही मालमत्ता वाटली, दुसऱ्याला वस्ती ही नकाशावरची रेघ. लॉस एंजेलिसमध्ये जे घडलं ते तर चाहते सहसा सांगतच नाहीत. नवं स्टेडियम उभं राहिलं ते शावेझ रविन या टेकड्यांमधल्या मेक्सिकन वस्तीच्या जागी. सार्वजनिक घरकुलांसाठी म्हणून ती जमीन घेतली होती. घरकुलं झाली नाहीत. मे १९५९ मध्ये शेवटच्या कुटुंबांना पोलिसांनी उचलून घराबाहेर काढलं. १९६२ मध्ये तिथे खेळ सुरू झाला.

एबेट्स फील्डवरचा शेवटचा सामना २४ सप्टेंबर १९५७ ला झाला, त्याला ६,७०२ प्रेक्षक होते. फेब्रुवारी १९६० मध्ये ते पाडायला घेतलं. पाडणाऱ्या लोखंडी गोळ्याला बेसबॉलसारखं रंगवलं होतं. ही कल्पना कोणाला सुचली असेल, आणि ती सुचताना तो हसला असेल का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

डोरिसची आई १९५८ मध्ये वारली. डोरिस तेव्हा पंधरा वर्षांची होती. पुढे बरीच वर्षं तिनं बेसबॉलकडे पाठ फिरवली. मग शिकायला हार्वर्डला गेली, तिथे कोणीतरी तिला फेनवे पार्कला सामना बघायला नेलं आणि ती बोस्टन रेड सॉक्सची चाहती झाली. त्या संघानं वर्ल्ड सिरीज शेवटची जिंकली होती १९१८ मध्ये. नंतरचा विजय २००४ ला आला.