इमारत आधी राहणाऱ्यांना कळते

घरात ओल आली आहे, जिन्यातला दिवा महिनाभर बंद आहे, आग अडवणारा दरवाजा नीट लागतच नाही. अशी कुरकुर आपण घरात बसून रोज करतो. पण लेखी कळवायची वेळ आली की म्हणतो, "परक्या देशात कशाला उगाच वाकडं घ्यायचं?" म्हणून आज लंडनच्या दोन इमारतींची हकिगत ऐका.

लंडनला बांधकामाचे नियम नवे नाहीत. १६६६च्या मोठ्या आगीत जुन्या शहरातली लाकडी घरं भराभर पेटत गेली. पुढच्याच वर्षी कायदा आला, की नवी घरं विटांची किंवा दगडाची हवीत. ते पाळलं जातंय की नाही हे बघायला सर्व्हेयरही नेमले. नियम आणि तो तपासणारा माणूस, दोन्ही लागतात, हे तेव्हाच कळलं होतं.

आता तीनशे वर्षं पुढे येऊ. महायुद्धानंतर घरांची टंचाई होती. पूर्व लंडनमध्ये न्यूहॅम कौन्सिलने रोनान पॉइंट नावाचा बावीस मजली टॉवर उभा केला. कारखान्यात काँक्रीटच्या भिंती ओतायच्या, क्रेनने उचलायच्या आणि एकावर एक बसवायच्या, अशी ती पद्धत. १६ मे १९६८ला पहाटे अठराव्या मजल्यावरच्या एका बाईंनी चहासाठी गॅस पेटवला. गळती होती, स्फोट झाला आणि बाहेरची भिंत उडाली. आधार गेल्यावर वरचे मजले खाली आले, त्यांच्या भाराने खालचेही गेले. इमारतीचा एक अख्खा कोपरा पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळला. चार जण गेले. त्या बाई वाचल्या. भाडेकरूंना राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

१९७०मध्ये नियम बदलले. एक भाग पडला तरी सगळी इमारत त्यामागे जाऊ नये, अशी रचना उंच इमारतींना सक्तीची झाली. रोनान पॉइंटचा कोपरा पुन्हा बांधला आणि माणसं परत राहायला आली. पण धोका संपला नव्हता. सॅम वेब नावाचे वास्तुविशारद आणि तिथले रहिवासी अनेक वर्षं या इमारतीबद्दल सांगत राहिले. शेवटी १९८६मध्ये ती एकेक मजला करून उतरवली, तेव्हा भिंतींचे सांधे उघडे पडले. जिथे मसाला ठासून भरायला हवा होता तिथे पोकळ्या होत्या, काही ठिकाणी वर्तमानपत्राचे बोळे. कागदावर नियम होता, सांध्यात नव्हता.

दुसरी इमारत ग्रेनफेल टॉवर. पश्चिम लंडन, चोवीस मजले. २०१६मध्ये तिचं नूतनीकरण पूर्ण झालं आणि बाहेरून पेट घेणारं क्लॅडिंग चढलं. आगीच्या सुरक्षेबद्दल रहिवाशांनी वारंवार तक्रारी केल्या होत्या. मोठी जीवितहानी झाल्याशिवाय कोणी लक्ष देणार नाही, असं त्यांच्या गटाने नोव्हेंबर २०१६मध्ये लिहूनही ठेवलं होतं. १४ जून २०१७च्या रात्री चौथ्या मजल्यावर एका फ्रिजपासून आग लागली आणि बाहेरच्या आवरणावरून वर चढली. ७२ माणसं गेली. सप्टेंबर २०२४मध्ये चौकशीचा अंतिम अहवाल आला. हे सगळे मृत्यू टाळता आले असते, असं चौकशीच्या अध्यक्षांनी सांगितलं. इमारतीचं व्यवस्थापन काही रहिवाशांकडे केवळ त्रासदायक माणसं म्हणून बघत होतं, हेही अहवालात आलं.

मुंबईत टेकू लावलेल्या चाळी पाहिलेल्यांना यात फारसं नवल वाटणार नाही. भिंतीची चीर, पाण्याचा वास, दाराचा आवाज आधी कळतो तो तिथे राहणाऱ्याला. अधिकारी येतो नंतर, आणि तोही बोलावलं तर.

ग्रेनफेलनंतर इंग्लंडमध्ये २०२२चा बिल्डिंग सेफ्टी कायदा आला. १८ मीटर किंवा सात मजले आणि त्याहून उंच निवासी इमारतींना आता जबाबदार व्यक्ती ठरलेली असते. रहिवाशांच्या तक्रारी ऐकण्याची व्यवस्था तिला ठेवावीच लागते, आणि सुरक्षेची माहिती तुम्ही मागू शकता. लहान इमारतीत भाड्याने राहत असाल, तरी घरातल्या धोक्याची तपासणी करायला कौन्सिलला सांगता येतं.

तेव्हा मंडळी, फोटो काढा, तारीख घाला, लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. शेजाऱ्यांनाही सोबत घ्या. कोणी कटकटे म्हटलं तर म्हणू द्या.