रद्दींतून वांचलेलीं भित्तिपत्रकें

चित्रपटगृहांतील खेळ बदलला कीं त्याचें भित्तिपत्रक रद्दींत जावयाचें. जपानांत युरोपीय चित्रपटांसाठीं छापलेलीं जुनीं पत्रकें आज दुर्मिळ आहेत, तीं यामुळेंच. संग्राहक सुमारें ७३ सेंटिमीटर उंचीचा तो कागद जपतो. त्यांतही पहिल्या प्रदर्शनाचा, कारण पुनःप्रदर्शनास पुष्कळदां नवें पत्रक निघे. तोवा कंपनीचे चित्रकार हिसामित्सु नोगुची (१९०९–१९९४) चित्राबरोबर अक्षरेंही स्वहस्तें रेखीत. त्रुफो यांचा ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ १९६० सालीं जपानांत आला, तेव्हां त्यांनीं स्वेटरची गळपट्टी तोंडावर ओढलेला मुलगा रंगविला. बोलतात ते केवळ डोळे! त्रुफो यांना तें इतकें भावलें कीं, १९६२ च्या ‘आंत्वान आणि कोलेत’ या लघुपटांत त्यांनीं तेंच पत्रक भिंतीवर लावून दाखविलें.