कृष्ण झालेली मंदाकिनी

१९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ची सुरुवात गोकुळात होत नाही. पाटी येते, आणि मग दिसते ती सात वर्षांची मंदाकिनी, दादासाहेब फाळक्यांची लेक. अजून ती कृष्ण झालेली नाही. कॅमेऱ्याकडे तोंड करून ती एकामागून एक मुद्रा करून दाखवते. मग त्याच जागी हळूहळू सजलेला कृष्ण उमटतो आणि कथा चालू होते.

आद्य अभिनेत्रींबद्दल लिहिताना असा पुरावा क्वचितच हाती येतो. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये (१९१३) पडद्यावर आल्या, ही नोंद पक्की. पण चित्रपटच उरला नाही, त्यामुळे त्यांच्या त्या कामाविषयी लिहायचे ते आठवणींवर विसंबून. मंदाकिनीचे उलट आहे. ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८) आणि ‘कालिया मर्दन’ एवढ्या दोनच भूमिकांवर तिचे नाव टिकले. पण काम आजही पाहता येते. पहिल्याचा काही भागच वाचला. दुसऱ्याची तुकड्यांत सापडलेली रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या टिपणांच्या आधारे क्रमाने लावली. असा जवळजवळ पाऊण तासाचा चित्रपट आज उभा आहे.

त्यात लोणी चोरणारा, सवंगड्यांना घेऊन खोड्या काढणारा कृष्ण देवळातल्या मूर्तीसारखा अवघडलेला वाटत नाही. डोहात उडी घेतल्यावर तर फाळके एकदा पाण्याखालची झुंज दाखवतात, एकदा काठावरचा आकांत. घाबरलेले सगळे काठावर. जिच्यासाठी घाबरायचे, ती पोर मात्र नागाशी बिनधास्त भिडलेली.

सहा वर्षांपूर्वी ‘राजा हरिश्चंद्र’त तारामती रंगवायला बाई मिळाली नाही, साळुंके या पुरुषाने ती भूमिका केली. इथे मुलगी देव झाली. पडद्यावर कृष्ण दिसताच लोक हात जोडत, असे सांगतात आणि ते खोटे मानायचे कारण नाही. पण म्हणूनच सुरुवातीचा तो तुकडा मला मोलाचा वाटतो. त्यामागे बापाचे कौतुक नसेलच असे नाही. मात्र जादूचे प्रयोग करणाऱ्या, ‘चित्रपट कसे तयार करतात’ हेही चित्रित करून दाखवणाऱ्या माणसाला इथे कारागिरी उघड करायची होती. देवाआधी नटीची ओळख. नुसती कृष्णकथाच सांगायची असती, तर तेवढी फिल्म कापूनही चित्रपटाचे काही अडत नव्हते.